राजाची जचकी कोण करतं?

परभणीत आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एकदा, रविवारी उन्हं कलली की कुणाच्या तरी गच्चीवर सतरंजी पडते. एकानं वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं कमी आणि भांडायचं जास्त, मग भजी आणि चहा. मागच्या खेपेला एमएस्सी करणारी एक मुलगी बोलली. तिनं टी. जे. क्लून या अमेरिकन लेखकाची 2020 ची 'द हाउस इन द सेरुलियन सी' ही कादंबरी निवडली होती. जादूच्या मुलांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी खातं आहे. त्यातला लायनस बेकर नावाचा चाळिशीचा, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा कर्मचारी एका बेटावरच्या अनाथाश्रमाच्या तपासणीला जातो. तिथं सहा पोरं. त्यातलं एक सहा वर्षांचं आणि साक्षात सैतानाचं. आश्रम चालवणाऱ्या आर्थर नावाच्या गृहस्थाच्या प्रेमात हा बेकर हळूहळू पडतो, अशी ती गोष्ट.

तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत आमच्यातले एक ज्येष्ठ कवी म्हणाले, "आपल्याकडं टँकर यायची मारामार, अन् तुम्ही समुद्रातल्या सैतानाच्या पोराचं कौतुक करायलात?" लगेच एक प्राध्यापक तिच्या बाजूनं उठले. त्यांचं म्हणणं असं की, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट कुणी लिहिली हीच क्रांती आहे, त्यावर बरंवाईट बोलायचा आपल्याला हक्कच पोचत नाही. पुढं अर्धा तास दोघं एकमेकांवर तुटून पडले. पुस्तक दोघांनीही वाचलेलं नव्हतं. ज्या मुलीनं वाचलं होतं ती भजी येईस्तोवर सतरंजीची दशी ओढत बसली.

मी गणिताचा मास्तर, साहित्याचा नव्हे. पण उदाहरण न सोडवता उत्तरावर वाद घालणारी पोरं रोज बघतो, म्हणून हा प्रकार ओळखीचा वाटला. घरी आलो आणि गेल्या दीडेक वर्षात याच जातीची जी चार-पाच पुस्तकं वाचली होती ती पुन्हा काढून बसलो. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्वीअर फँटसी, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसांची अद्भुत गोष्ट, आपली की परकी, गरजेची की चैनीची, हा वाद निष्फळ आहे. या पुस्तकांना बाकीच्या पुस्तकांसारखंच वाचावं, आवडलं तर का आणि फसलं तर कुठं ते सांगावं. न वाचता हाकलणारे कवी आणि न वाचता हार घालणारे प्राध्यापक, दोघांनीही त्या गच्चीवर पुस्तकाचा अपमान केला. त्यातही प्राध्यापकांचा अपमान मला जास्त लागला, कारण तो प्रेमाच्या नावाखाली झाला.

कवींचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठवाड्याला स्वतःचं साहित्य मिळालं ते जमिनीवर घट्ट पाय रोवलेल्या लेखकांकडून. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' 1971 ची. एका गावातल्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेली. आमच्या घरात बोलतात तशी भाषा छापता येते हे त्या पुस्तकानं आमच्या पिढीला दाखवलं. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, त्यातून ज्यांना कुणी कधी बोलू दिलं नव्हतं ती माणसं बोलली. असं सगळं कष्टानं कमावल्यावर कुणी ड्रॅगन आणि जादूगार घेऊन आलं, तर जुन्या माणसाला वाटणारच की लेकरं शिवार सोडून आकाशाकडं बघायला लागली. वास्तवाचा आग्रह हा आमच्याकडं नुसता वाङ्मयीन छंद नव्हता. ती एक लढाई होती, आणि ती पूर्ण जिंकलेलीही नाही.

पण मग वास्तव म्हणजे काय, हेही विचारायला नको का? 2016 च्या एप्रिल महिन्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून, तीनशेहून जास्त किलोमीटरवरून, टाक्यांच्या वाघिणी भरून. लाखोंच्या वस्तीची तहान आगगाडीवर टेकली होती. हेच कुणा लेखकानं 1960 साली लिहिलं असतं तर आमच्या कवींच्या गुरुजींनी ते 'अद्भुतरम्य' म्हणून बाजूला सारलं असतं. जे घडलं नाही ते खोटं आणि जे घडलं ते खरं, एवढ्या सोप्या वाटणीवर साहित्य उभं राहत नाही. आणि टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला गोष्ट नको असते, हे कुणी ठरवलं? दुष्काळाच्या सालीही आमच्या आळीत आराध्यांची गाणी रात्रभर चालायची. घागरी रिकाम्या होत्या म्हणून देवीनं महिषासुराला मारायचं थांबवलं नव्हतं.

त्यातून ज्या मातीच्या नावानं फँटसीला परकं म्हणायचं ती माती कोणती? पैठणची. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची हकिगत येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित एक पैज हरतो आणि शिष्टांच्या सगळ्या भाषा सोडून देतो. रानात राहून पैशाची नावाच्या भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहितो. शाई नाही, म्हणून स्वतःच्या रक्तानं. विद्याधरांची, शापांची, रूप बदलणाऱ्यांची कथा. शिष्य ती राजाकडं नेतात. राजा म्हणतो, भाषा पिशाच्चांची, अक्षरं रक्ताची, न्या हे इथून. मग गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो आणि एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवून आगीत टाकतो. जनावरं चारा-पाणी सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहतात आणि वाळून जातात. इकडं राजाच्या मुदपाकखान्यात वाळकं मांस यायला लागतं, राजा आजारी पडतो, कारण शोधत शोधत टेकडीवर पोचतो, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. भारतातल्या फँटसीचा हा थोरला झरा आमच्या जिल्ह्यांतून निघाला, आणि त्याला पहिला नकार देणारा राजाही आमचाच. त्यानंही वाचलं नव्हतं. भाषा बघितली आणि हात झटकले.

दुसरा आक्षेप 'परकं खूळ' हा. त्यातलं खरं आधी मान्य करतो. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, ऑनलाइन मागवावी लागतात, एकेक पाचशे-सहाशेच्या घरात जातं. ती वाचणारी पोरं इंग्रजी शाळांतली, निदान पुण्याला जाऊन आलेली. जिंतूरच्या एखाद्या वाडीत आपल्या मित्रावर जीव जडलेल्या पोराला सेरुलियन समुद्र काय देणार? फारसं काही नाही, हे मी मान्य करतो. पण आमच्या कवींच्या पिढीनं मॉस्कोहून येणारी स्वस्त रशियन पुस्तकं रात्र-रात्र जागून वाचली, तेव्हा बर्फ कुणी पाहिला होता? परकं दुःख आपलं करून घेण्याची ताकद त्यांच्यात होती. तीच ताकद त्यांच्या नातवंडांत असू नये असं त्यांना का वाटतं?

आणि 'असलं काही आपल्याकडं नव्हतंच' हे तर सरळ चूक आहे. सिराज औरंगाबादी हा अठराव्या शतकातला उर्दूचा मोठा कवी औरंगाबादेत राहिला आणि 1763 च्या सुमारास तिथंच वारला. 'बोस्तान-ए-खयाल' नावाची त्याची एक मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, आहे. खयालाची बाग. एका तरुणावर जडलेल्या स्वतःच्या प्रेमाची आणि ताटातुटीची कहाणी त्यानं तीत सांगितली आहे. अडीचशे वर्षांहून जुनी, इथली, आणि नावातच कल्पनेची बाग. निजामाच्या अमलात आमच्या आजोबांना उर्दू लिहिता-वाचता यायची. आम्हाला ती येत नाही, म्हणून घरातल्या या पेटीचं कुलूप आम्हाला उघडत नाही, आणि पेटी रिकामीच आहे असं आम्ही सांगत फिरतो.

इथं मला आमच्या बाजूच्या लोकांनाही अडवायचं आहे. कुणी आक्षेप घेतला की आमची तरुण मंडळी लगेच शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी अशी पुराणातली साक्षीदारांची रांग उभी करतात. परंपरेचं प्रमाणपत्र दाखवलं की काम झालं, असा समज. पण परंपरेनं जागा दिली ती कसली? तमाशात नाच्या होताच की. फडावर त्याच्याशिवाय भागत नसे, आणि त्याच्या चालण्यावर हसल्याशिवाय प्रेक्षकांचंही भागत नसे. नवरात्रात लुगडं नेसून, गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागणाऱ्या पुरुषाच्या पाया आमच्या गल्लीतल्या बायका पडायच्या. तोच माणूस दसऱ्यानंतर रेशनच्या रांगेत दिसला की पोरं शीळ घालायची. मीही घातली आहे. आमच्या वर्गात हळू बोलणारा, मुलींसारखा रुमाल हातात धरणारा एक मुलगा होता. त्याला सगळे 'बायल्या' म्हणायचे आणि मीही म्हणायचो. दहावीनंतर तो हैदराबादला गेला, पुन्हा गावात दिसला नाही. शिखंडी महाभारतात होता याचा त्या मुलाला काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून 'आपल्याकडं होतं' हे फक्त 'आपल्याकडं नव्हतं' या खोट्याला उत्तर म्हणून वापरावं. त्यावर घर बांधायला जाऊ नये. उद्या सिराजची मसनवी सापडलीच नसती, तर ही माणसं परकी ठरली असती काय?

मराठीत वास्तववादी मार्गानं हे झालेलं आहे, हेही विसरायला नको. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातली, बाईवर प्रेम करणारी सुमित्रा 1981 सालची. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' 2006 ची, त्यात भाऊ आणि बहीण घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा, म्हणजे मराठी लेखक कायद्याच्या कितीतरी पुढं होते. दोन्ही लेखन मला मोलाचं वाटतं. पण वास्तववादाची एक अडचण त्यांतून दिसते. त्या काळाशी इमान राखायचं तर सुमित्रेला जगवणं नाटककाराला अवघड होतं, ती शेवटी जीव देते. वास्तव जितकं चोख, तितकी पात्राची सुटका कठीण. शिवाय अशा गोष्टीतल्या माणसाचा निम्मा वेळ आपण कोण आहोत हे आईला, भावाला, घरमालकाला समजावण्यात जातो. सुनावणी चालू, तो सदैव पिंजऱ्यात. फँटसी नेमकी ही सुनावणी तहकूब करते. असं एक जग घ्या, म्हणते, जिथं हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि मग बघू या, ही माणसं वेळ कशात घालवतात. राज्य करतात, कट करतात, चुकतात, भित्री निघतात. ताशा सुरी यांच्या 2021 च्या 'द जॅस्मिन थ्रोन'मध्ये कैदेतली राजकन्या आणि तिची दासी एकमेकींवर प्रेम करतात आणि त्याच वेळी एकमेकींना राजकारणासाठी वापरतातही. पुस्तक लांबलं आहे, मधली शंभर पानं मी भराभर उलटली. पण प्रेम करणारी बाई मतलबी असू शकते, एवढी मोकळीक त्या दोघींना मिळाली ती त्यांची गोष्ट सुनावणीभोवती फिरत नाही म्हणूनच.

आता प्राध्यापकांकडं वळतो. 'यावर टीका करायचा हक्क नाही' हे वाक्य मराठवाड्यात कुणी उच्चारू नये. दलित साहित्य आलं तेव्हा दोन तऱ्हेचे वाचक होते. एकाला ते साहित्यच वाटत नव्हतं. दुसरा भरल्या डोळ्यांनी म्हणायचा, त्यांच्या मानानं किती छान लिहिलंय. या दुसऱ्याची दया पहिल्याच्या तुच्छतेपेक्षा जास्त बोचायची. 'त्यांच्या मानानं' या दोन शब्दांत सगळं आलं. कवितेला कविता म्हणून भिडायचं नाही, फक्त पाठ थोपटायची. तीच थोपटणी आता क्वीअर पुस्तकांच्या वाट्याला येते आहे, म्हणून क्लूनच्या पुस्तकाबद्दल मला जे वाटलं ते सांगतो.

मला ते आवडलं आणि मग त्रास झाला. पेढ्यासारखं पुस्तक. पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला, पाचव्याला घशाशी आलं. बेकरचं एकटेपण, त्याची मांजर, पावसात छत्री विसरणं, हे सगळं लोभस आहे. पण बेटावर कुणीच चुकत नाही. वाईट माणसं गावात आणि खात्यात. बेटावर निव्वळ साखर. सैतानाच्या पोराचा सैतानीपणा भयानक वाक्यं बोलण्यापुरता. त्या पोरानं एकदा तरी कुणाला खरोखर दुखवलं असतं आणि तरी आर्थरनं त्याला जवळ घेतलं असतं, तर माया म्हणजे काय ते कळलं असतं. त्यापुढची गोष्ट अशी की, कॅनडात विसाव्या शतकाच्या मध्यात आदिवासींची मुलं सरकारनं घरातून उचलून परक्या कुटुंबांत नेऊन टाकली, त्या इतिहासाबद्दल वाचताना ही कादंबरी सुचली असं लेखकानंच सांगितलेलं आहे. त्यावरून बराच वादही झाला. मला वाद घालणाऱ्यांचं पटतं. ज्या खात्यानं पोरं उचलली त्याच खात्यातला एक सज्जन माणूस येऊन सगळं निस्तरतो, ही कल्पना कुणाच्या सोयीची? उचलल्या गेलेल्या पोरांच्या की खात्याच्या? दोन पुरुषांचं प्रेम गोड दाखवलं म्हणून हा हिशेब माफ होत नाही. आणि हे विचारल्यानं त्या प्रेमाचा अनादरही होत नाही.

मॅडेलिन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीस' (2011) ही त्या मानानं पक्की कलाकृती. ट्रॉयच्या युद्धातला अकिलीस आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस. गद्य निथळ पाण्यासारखं. तक्रार एकच. होमरच्या महाकाव्यातला पॅट्रोक्लस बाका लढवय्या आहे, झ्यूसच्या पोराला मारणारा. मिलरनं त्याला बराच मऊ केला, हातात तलवारीऐवजी औषधं दिली. का? दोन पुरुषांच्या जोडीत एक जरा नवऱ्यासारखा आणि एक जरा बायकोसारखा असल्याशिवाय आपल्याला ती जोडी वाटत नाही, म्हणून? होमरला हा आधार लागला नव्हता.

पण त्या कादंबरीच्या शेवटापाशी मी परभणीत बसून जे वाचलं ते दुसऱ्या कुठल्या गावच्या वाचकानं वाचलं नसेल. (शेवट सांगतोय, वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) पॅट्रोक्लस मेलेला आहे, तरी गोष्ट तोच सांगतो आहे, कारण त्याला सुटका नाही. दोघांची राख एकत्र, पण थडग्यावर नाव फक्त अकिलीसचं. अकिलीसचा मुलगा दुसरं नाव कोरू देत नाही. एका दगडावरच्या एका नावासाठी तो आत्मा तिष्ठत राहतो. मी पुस्तक मिटलं आणि मला 1978 आठवलं. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळली, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले, आणि प्रत्यक्ष नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. साडेपंधरा वर्षं, एका पाटीवरच्या शब्दांसाठी. तेव्हाही शहाणी माणसं विचारायची, नावात एवढं काय आहे? आज कुणी मुलगा सांगतो, मला 'ती' म्हणा, किंवा कुणी म्हणतं, मला 'तो'ही नको 'ती'ही नको, तर हीच शहाणी माणसं पुन्हा तोच प्रश्न विचारतात. इतर कुणी विचारला तर समजू शकतो. पण आपण?

या 'तो' आणि 'ती'च्या भानगडीतूनच मला माझं यंदाचं सगळ्यात आवडतं पुस्तक मिळालं. ते नवं नाही, 1969 चं आहे, फक्त माझ्या हाती आता आलं. उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष ना बाई. मोजके दिवस ऋतू येतो तेव्हा दोन्हींपैकी काहीतरी एक होतात, आणि कोण काय होणार हे आधी ठरलेलं नसतं. एकच माणूस दोन लेकरांची आई आणि तिसऱ्याचा बाप असू शकतो. राजा गरोदर राहू शकतो. अशा जगात पृथ्वीवरचा एक दूत येतो, त्याला हे सगळं अवघड जातं, आणि त्याला सांभाळून घेणाऱ्या एस्त्राव्हेन नावाच्या गेथेनी मुत्सद्द्याबरोबर त्याला बर्फाचं अफाट पठार ओलांडावं लागतं.

आई ज्वारी निवडत होती तेव्हा मी तिला हे सांगायला लागलो. ती गंगाखेडची, जनाबाईच्या गावची, वय अठ्ठ्याहत्तर. तिनं सूप थांबवलं नाही. गरोदर राजापाशी आलो तेव्हा फक्त विचारलं, "मंग राजाची जचकी कोण करतं?" मला उत्तर देता आलं नाही. राजा बाळंत झाला की गादीवर कोण, खून कुणी करू शकतं का, अशा राजकारणाच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडतात. पण ऊनऊन पाण्याची, सुंठीची, शेकशेगडीची व्यवस्था कोण बघतं, याची उत्तरं पुसट आहेत. पंचावन्नेक वर्षांत जगभरच्या समीक्षकांनी या कादंबरीबद्दल बरंच लिहिलं असेल. आईचा आक्षेप मला त्यात वरच्या रांगेतला वाटतो.

पुढं अडलो मी. एस्त्राव्हेनला काय म्हणू? ले ग्विन यांनी सरसकट 'तो' वापरलं होतं. 1976 च्या एका निबंधात त्यांनी त्याचं समर्थन केलं, आणि दहा-बारा वर्षांनी त्याच निबंधाला स्वतःच्या चुका दाखवणारी टिपणं जोडली. 'तो'मुळं वाचकाला सगळी पुरुषच दिसतात, आणि आपण गेथेनींना विनाकारण स्त्री-पुरुष जोड्यांतच कोंडलं, हे दोन्ही त्यांनी कबूल केलं. पुढं 1995 मध्ये त्याच ग्रहावर एक नवी कथा लिहून दुरुस्तीही केली. आपल्याकडं टीकेला हक्क नाकारणाऱ्यांनी हे बघावं. इथं लेखिकाच स्वतःवर टीका करते आहे, आणि पुस्तक त्यानं लहान झालेलं नाही. मराठीत तर इंग्रजीहून जास्त पंचाईत. इंग्रजीतला 'मी' पानंच्या पानं पत्ता लागू देत नाही. मराठीत 'मी आलो' की 'मी आले', तोंड उघडलं की सापडलो. मी 'तो आला' म्हणायचो, मग 'ती', मग अडखळायचो. आई वैतागली. "कामून अडायलास? लेकरू म्हण की. लेकरू आलं, लेकरू गेलं."

मी थक्क झालो. आमच्याकडं पन्नाशीच्या मुलाबद्दलही आई 'माझं लेकरू आलं' म्हणते आणि त्यात कुणाला त्याच्या मिशांची आठवण येत नाही. नपुंसकलिंग म्हणून व्याकरणात ज्याला असं ओशाळवाणं नाव दिलंय, ते आमच्या घरात मायेचं लिंग आहे. जनाबाईनं विठोबाला विठाई केलं, त्याला दळायला बसवलं, आणि लाखो वारकरी ज्ञानोबाला माउली म्हणत चालतात. हे काही आधुनिक लिंगभावाचं तत्त्वज्ञान नव्हे, तसा दावा मी करणार नाही. वारीत माउली म्हणणारा माणूस घरी आपल्या पोराला 'बायल्या' म्हणू शकतो, म्हणतोही. पण भाषेत फट आहे एवढं नक्की. मग मला गणिताच्या मास्तराला शोभेलसा चाळा लागला. मराठीत लिंग न सांगता किती बोलता येईल? 'मी भाकरी खाल्ली' यात क्रियापद भाकरीचं ऐकतं, माझं नाही. 'मला भूक लागली' यातही मी लपतो. आणि भविष्यकाळ तर सगळाच मोकळा. मी जाईन, तो जाईल, ती जाईल. काल काय केलं ते सांगताना मराठी पुष्कळदा तुमचं लिंग विचारते, उद्या काय करणार ते सांगताना विचारत नाही. या कादंबरीचं मराठी भाषांतर कुणी करायला घेतलं तर त्याला या फटींतूनच वाट काढावी लागेल, आणि ती मराठी इंग्रजीपेक्षा सरस होण्याची शक्यता आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शेवटचं पुस्तक अवघड आहे, आणि त्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकेरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (2023), नेब्युला पुरस्कार मिळालेली. नायक फेटर जन्मतो त्याच क्षणी त्याची आई पितळी खिळ्यानं त्याची सावली जमिनीला ठोकते आणि फाडून वेगळी करते. बापाचा खून करण्यासाठी तिनं त्याला वाढवलेलं. बाप म्हणजे बायको-पोर टाकून गेलेला एक थोर धर्मपुरुष. मोठा झाल्यावर फेटर शहरात येतो, त्याचा एक मित्र आहे, प्रियकर. त्यावर कुणी भुवई उंचावत नाही आणि लेखकही त्याचा गाजावाजा करत नाही. शहरात माणसांची जात-वंशानुसार बारीक वर्गवारी, कागदपत्रं, छावण्या, दंगली. दुष्काळाची तक्रार करणाऱ्या आमच्या कवींना मी हेच पुस्तक देणार आहे. जादू असूनही यातलं सरकारी कार्यालय मला आमच्या तहसीलइतकं खरं वाटलं.

अवघड काय, तर तो बाप. त्याच्यामागं बुद्धाची आणि टाकलेल्या राहुलाची कथा स्पष्ट दिसते. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात एक चित्र आहे. भिक्षापात्र घेऊन दारात उभा असलेला उंचच उंच बुद्ध, आणि समोर इवलीशी यशोधरा राहुलला पुढं करते आहे. शाळेच्या सहलीत पोरांना घेऊन मी ते पाच-सहा वेळा पाहिलंय, दर वेळी नजर बुद्धाकडं जाते. हे पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, त्या पोराच्या उंचीवरून हे चित्र कसं दिसत असेल? कादंबरीनं मला एवढं दिलं. पण औरंगाबादच्या नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, शिकलेल्या माझ्या मित्राला ती वाचायला दिली तेव्हा त्यानं शंभर पानांवर परत केली. म्हणाला, श्रीलंकेत बौद्ध धर्म सत्तेवर बसलाय, तिथल्या लेखकानं त्याला जाब विचारणं रास्त आहे. पण आमच्या बापानं, बाबासाहेबांनी, 1956 ला आमच्या हाती दिलेला बुद्ध सत्तेवर नव्हता, त्यानं आम्हाला उभं केलं. मला हे वाचवत नाही.

मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. आणि गच्चीवरच्या वादात मला हेच हवं होतं. त्यानं शंभर पानं वाचली होती, कुठल्या पानावर थांबला ते सांगितलं, का थांबला ते सांगितलं. कुणाला प्रतिगामी ठरवून किंवा कुणाला क्रांतिकारक ठरवून यातलं काही कळलं नसतं. आमच्यात आता ठरलंय, की तो उरलेलं पुस्तक वाचेल आणि मी अजिंठ्याला त्याच्याबरोबर जाईन.

परवा रात्री वीज गेली होती, आई अंगणात खाटेवर पडली होती. झोप लागली असेल असं वाटत असताना एकदम म्हणाली, "का रे, ती दोघं निघाली का बर्फातून?"

"निघाली," मी म्हणालो.

निघतात हे खरं आहे. त्याच्या पुढचं प्रकरण मी तिला अजून सांगितलेलं नाही.